तळणीचं तेल, चक्क्याचं पाणी आणि कोकमाच्या बिया: घरी साबण करायचा तर

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, कॉस्टिक सोड्याशिवाय (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, इंग्रजीत लाय) साबणाची वडी होत नाही. "केमिकल फ्री", "नो लाय" वगैरे जे काही दिसतं ना त्यात एकतर कुणीतरी आधीच कॉस्टिक घालून बनवलेला बेस वितळवून साच्यात ओतलेला असतो, नाहीतर ते साबण नसतंच, डिटर्जंटची वडी असते. तेल अधिक कॉस्टिक म्हणजे साबण अधिक ग्लिसरीन, एवढंच त्यामागचं सगळं केमिस्ट्री. माप बरोबर असेल तर शेवटी वडीत कॉस्टिक शिल्लक राहत नाही, सगळा तेलाशी रिअ‍ॅक्ट होऊन संपतो. आणि माप चुकलं तर मग त्यात संत्र्याची सालं घाला नाहीतर केशर घाला, हात भाजणारच.

दुसरी गोष्ट, किचनमधल्या वाया जाणाऱ्या वस्तूंपासून साबण म्हटलं की लोक लगेच साली घेऊन बसतात, संत्र्याच्या, केळ्याच्या, पपईच्या. खरं सांगायचं तर साली ही हौस आहे. घाला, दिसायला छान दिसतात, पण साबण त्यांच्यापासून होत नाही, साबण होतो तेलापासून. त्यामुळे घरात वाया जाणारं जे खरंच कामाचं आहे ते म्हणजे दिवाळीनंतर कढईत उरलेलं तळणीचं तेल. सिंकमध्ये ओतलं तर पाइप तुंबतो, पुन्हा पुन्हा तळायला वापरलं तर पोटाची वाट, आणि नुसतं बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलं तर वर्षभर तिथेच. म्हणून आधी भांडी-कपड्याचा साबण सांगते, मग अंगाचा.

सामानात सगळ्यात महत्त्वाचा डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वाटी, कप, चमचा यावर साबण करू नका, तेल मिलीमध्ये मोजू नका, पाणीसुद्धा काट्यावरच घ्या. बाकी एक स्टीलचं पातेलं, एक जाड प्लास्टिकचा जग (तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला, तो गरम सोसतो), सिलिकॉनचा उलथणं टाइप चमचा, आणि जमलं तर हँड ब्लेंडर. हाताने ढवळूनही होतं पण अर्धा-पाऊण तास, कधी जास्तच, हात गळून जातो. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हिंडालियमची कढई, जर्मनचं पातेलं, फॉइल, सगळं त्यातच आलं. आणि ही भांडी परत स्वयंपाकाला नको, वेगळीच ठेवा.

कॉस्टिक सोडा केमिकलच्या दुकानात फ्लेक्समध्ये मिळतो, ९८ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा घ्या. नाली साफ करायची पावडर मिळते तिच्यात पण कॉस्टिक असतो, पण काहींत ॲल्युमिनियमचे कण आणि अजून काय काय मिसळलेलं असतं, ती नको. डबा घट्ट बंद ठेवायचा, कारण हा माल हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतो, ओलसर गोळे झाले की समजायचं ताकद कमी झाली आणि मग तुमचं मापच खोटं पडतं.

आता सेफ्टी. बोअर वाटेल पण वाचा. चष्मा हवा, म्हणजे गॉगलसारखा डोळे झाकणारा, रबरी ग्लोव्हज, पूर्ण बाह्या, पायात बंद चपला. मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत, फोन सायलेंट. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. पाणी थंडच घ्या, कारण कॉस्टिक पडला की ते आपोआप ८०-९० डिग्रीपर्यंत तापतं आणि वर वाफ येते, ती नाकात घ्यायची नाही, बाल्कनीत किंवा खिडकीपाशी करा. अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धरा, १५-२० मिनिटं वाहतं पाणी. लिंबू, व्हिनेगर काही चोळायचं नाही, त्याने अजून उष्णता होते. व्हिनेगर ओटा पुसायला वापरा, कातडीला नाही. डोळ्यात गेलं तर तेवढाच वेळ पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टर. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल.

आता हिशोब. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगवेगळा लागतो. एक ग्रॅम तेलाला किती ग्रॅम, ते असं: खोबरेल ०.१८३, पामतेल ०.१४२, शेंगदाणा ०.१३७, सोयाबीन ०.१३६, सूर्यफूल ०.१३५, कोकमतेल ०.१३५, तीळ ०.१३४, राइसब्रान ०.१३३, एरंडेल ०.१२८. प्रत्येक तेलाच्या वजनाला त्याच्या आकड्याने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून ५ टक्के कमी करायचे. हे ५ टक्के कमी का, तर तेवढं तेल मुद्दाम साबण न होता शिल्लक राहावं म्हणून, त्याला सुपरफॅट म्हणतात, ते तुमचं इन्शुरन्स आहे. पाणी कॉस्टिकच्या दुप्पट. बस एवढंच, पण तेल बदललं की हिशोब परत करायचा, "शेंगदाण्याचं संपलं म्हणून खोबरेल घातलं, काय फरक पडतो" असं चालत नाही, वरचे आकडे बघा म्हणजे कळेल केवढा फरक पडतो.

तळणीचं तेल आधी साफ करावं लागतं. जुन्या सुती कापडातून गाळून घ्या, मग तेवढंच पाणी आणि दोन चमचे मीठ घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या, थंड करा, पातेलं फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी तेल वर, खाली गढूळ पाणी आणि मध्ये बेसनाचा जळका गाळ असं दिसेल, वरचं तेल डावाने अलगद काढून घ्या. भज्यांचं असेल तर दोनदा करा. मग ते तेल परत थोडं गरम करून उरलेलं पाणी उडवा, तडतड थांबेपर्यंत, नाहीतर वजनात पाणीच मोजलं जाईल. पुरी-चकलीच्या तेलाला फार वास राहत नाही. सुरमई, बांगडा तळलेलं तेल मात्र मी घेत नाही, कितीही धुवा तो वास साबणात येतोच, आणि मग भांडी घासली की मासे खाल्ल्यासारखं.

भांडी-कपड्याच्या साबणाचं माप असं. साफ केलेलं तळणीचं सूर्यफूल तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम. हिशोब: ७०० गुणिले ०.१३५ म्हणजे ९४.५, ३०० गुणिले ०.१८३ म्हणजे ५४.९, बेरीज १४९.४, त्यातून ५ टक्के गेले की १४२ ग्रॅम कॉस्टिक. पाणी २८४ ग्रॅम. पाण्यात कॉस्टिकच्या आधी दोन छोटे चमचे मीठ विरघळवून घ्या, वडी कडक होते. कपड्याच्या साबणात सुपरफॅट २-३ टक्के ठेवणारे लोक आहेत, त्याने मळ जास्त निघतो, पण तळलेल्या तेलाचा नक्की आकडा कुणालाच माहीत नसतो, एकदा तळलंय का सहादा यावर बदलतो, म्हणून पहिल्यांदा करताना ५ च ठेवा. खोबरेल कशाला घालायचं, तर नुसत्या सूर्यफुलाचा साबण मऊ राहतो, फेस चिकट येतो आणि पाण्यात पडून राहिला की लगदा होतो. फेस आणि कडकपणा खोबरेलाचा.

आता करायचं कसं. कॉस्टिकचं पाणी बनवून बाजूला ठेवा, निवळून पारदर्शक होईल. तेलं एकत्र कोमट करा. दोन्ही साधारण ४०-४५ डिग्रीला आले, म्हणजे भांड्याला बाहेरून हात लावला तर छान गरम लागतंय पण चटका नाही, की गाळण्यातून कॉस्टिकचं पाणी हळूहळू तेलात ओता. गाळणं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. मग ब्लेंडर पाच-दहा सेकंद फिरवायचा, बंद करून त्यानेच ढवळायचं, परत फिरवायचा. सलग घुर्र करत बसलात तर मोटर पण जळेल आणि मिश्रण भांड्यातच घट्ट होईल. दोन-पाच मिनिटांत ते पातळ पिठल्यासारखं दिसायला लागतं, चमच्याने वरून धार सोडली की तिची रेघ पृष्ठभागावर क्षणभर राहते. याला ट्रेस म्हणतात. इथे थांबायचं. काही मिसळायचं असेल तर आत्ताच, आणि लगेच साच्यात.

साच्यासाठी पैसे घालवू नका. दुधाचा टेट्रापॅक आडवा कापून, सिलिकॉनचा केकचा साचा, श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा आतून बटर पेपर लावून, सगळं चालतं. टेट्रापॅक आतून फॉइलचा असतो पण त्यावर प्लास्टिकचा थर असतो, तरी ओरखडा पडलाय का बघा आणि बटर पेपर लावाच. ओतल्यावर वरून पुठ्ठा आणि जुना टॉवेल गुंडाळून २४ तास विसरून जा. मग ग्लोव्हज घालूनच काढा, सुरीने वड्या पाडा. अजून चिकट वाटलं तर आणखी एक दिवस थांबा.

यानंतरचे ४ ते ६ आठवडे वड्या हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता उभ्या ठेवायच्या. रिअ‍ॅक्शन बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच संपते, हा वेळ पाणी उडण्यासाठी आणि साबण सौम्य होण्यासाठी असतो. घाई केली तर वडी आठवड्यात संपते, दुसरं काही नाही. कोकणात किंवा मुंबईत जून-जुलैमध्ये साबण घातला तर तो घामेजतो, वर पाण्याचे थेंब जमतात, ते ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं म्हणून, साबण बिघडला असं नाही, पंख्याखाली ठेवा. शक्य असेल तर हा उद्योग दिवाळी ते होळी या काळात करा, सुकतो पण छान आणि तळणीचं तेल पण तेव्हाच जमतं.

आता अंगाचा साबण. इथे मी तळणीचं तेल वापरत नाही. वापरणारे वापरतात, पण तळलेलं तेल आधीच अर्धं खवटायच्या वाटेवर असतं, वडीवर महिन्या-दोन महिन्यांत नारिंगी ठिपके येतात आणि जुन्या शेंगदाण्यासारखा वास. भांड्यांच्या साबणाला ते चालून जातं, तोंडाला लावायला नको वाटतं.

५०० ग्रॅम तेलाचं माप: राइसब्रान २५०, खोबरेल १५०, कोकमतेल ६५, एरंडेल ३५. कॉस्टिक ७० ग्रॅम, पाणी १४०. पडताळून बघा, बेरीज ७३.९५ येते आणि ५ टक्के गेले की ७० च्या किंचित वर, आपण खालीच राहायचं. खोबरेल ३०-३५ टक्क्यांच्या वर नेलं तर फेस भरपूर पण अंग ओढल्यासारखं होतं, ते नको. एरंडेल फेस टिकवतं पण १० टक्क्यांच्या वर गेलं की वडी चिकट. कोकमतेल कडकपणासाठी, ते आधी वितळवून घ्यायचं.

आणि हे कोकमतेल म्हणजे खरं तर वाया जाणाऱ्या मालाचं सोनं आहे. एप्रिल-मेमध्ये आमसुलं घालताना फळाचं साल ठेवतात आणि बिया बाजूला. कोकणात त्या बिया सुकवून, फोडून, आतला गर वाटून पाण्यात उकळतात, तेल वर तरंगतं, गार झालं की घट्ट होतं, ते काढून त्याचे मुठीत वळून गोळे करतात, कुणी मुठेल म्हणतं कुणी भिरंडेल. थंडीत पायांच्या भेगांना लावायचं तेच ते. गावाकडे कुणी आमसुलं करत असेल तर काकूंना, मावशींना आत्ताच सांगून ठेवा की बिया टाकू नका. घरी काढलेलं तेल थोडं पिवळट आणि वासाचं असतं, साबणाला काही फरक पडत नाही, फक्त त्यात पाणी राहिलेलं नाही ना बघा. नाहीच मिळालं तर तेवढ्या वजनाचं पामतेल घाला, कॉस्टिक अर्धा ग्रॅमने वाढेल, ७० तसाच ठेवला तरी चालतो.

आता पाण्याच्या जागी काय घालता येईल. माझं आवडतं म्हणजे चक्का बांधल्यावर खाली निथळलेलं पाणी. श्रीखंड करताना केवढं तरी निघतं आणि निम्म्या घरांत ते मोरीत जातं. त्यातल्या साखरेमुळे फेस मऊ आणि जास्त येतो. पण कॉस्टिक पडला की तीच साखर करपते, आधी पिवळं, मग चॉकलेटी आणि वास विचित्र, म्हणून ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं आणि त्या खड्यांवर कॉस्टिक थोडा थोडा शिंपडत ढवळायचं. (हो, वर म्हटलं कॉस्टिक पाण्यात घालायचा, इथेही तेच चाललंय, पाणी फक्त गोठलेलं आहे.) ते आंबट असतं म्हणून थोडा कॉस्टिक खातं पण इतका कमी की हिशोबात धरायची गरज नाही. अशा साबणाला टॉवेलमध्ये गुंडाळू नका, साखरेने तो आतून जास्त तापतो आणि मधोमध चीर पडते. नारळाच्या दुधाचं पण सेम, तांदळाच्या धुवणाला मात्र हे लाड लागत नाहीत, गार करून घेतलं की झालं.

संत्र्याची सालं कडक वाळवून, मिक्सरमधून काढून, चाळणीने चाळून एक छोटा चमचा, ट्रेसला. यापेक्षा जास्त घातलं तर अंगाला टोचतं. वास येणार नाही, ते आधीच सांगते, संत्र्याचा वास सालीच्या तेलात असतो आणि तो वाळवताना आणि कॉस्टिकमध्ये उडून जातो. ताजी साल, काकडीचे काप, गुलाबाच्या पाकळ्या वडीत घालू नका, चार दिवसांत तपकिरी होतात, ओलसर राहिल्या तर सडतात. बीटचा रस गुलाबी होईल या आशेने घालणारे खूप आहेत, तो मातकट तपकिरी होतो. पालकाचा हिरवा उन्हात उडतो. हळद घातली की आधी लालभडक होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार, नंतर सुकता सुकता केशरी-पिवळट होते, ते दिसतं छान पण पाव चमच्याच्या वर घालू नका, पांढऱ्या टॉवेलवर डाग पडतात. गुलाबीच हवा असेल तर मंजिष्ठा.

फिल्टर कॉफीचा चोथा वाळवून एक चमचा घातला तर किचनमध्ये हात धुवायला मस्त वडी होते, कांदा-लसणाच्या हाताला खरखरीत बरं वाटतं. चहाचा चोथा नको, पानं मोठी असतात, बोचतात, तो झाडांना घाला. अंड्याची कवचं धुवून वाळवून अगदी बारीक पीठ करून भांड्याच्या साबणात चालतात, करपलेल्या तळाला चांगली, पण नॉनस्टिकला लावू नका.

लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड हा वेगळा विषय आहे. ॲसिड कॉस्टिकला खातं, १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड साधारण ६ ग्रॅम कॉस्टिक संपवतं. न मोजता लिंबं पिळलीत तर साबण तेलकट, मऊ होणार. पण मोजून घातलं तर फार उपयोगी, विशेषतः ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना. जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही आणि बादलीला पांढरा चिकट थर बसतो तो पाण्यातल्या कॅल्शियमने केलेला. वरच्या ५०० ग्रॅमच्या मापात १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात विरघळवा आणि कॉस्टिक ७० च्या ऐवजी ७६ घ्या, त्याचं सोडियम सायट्रेट होतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि थर कमी बसतो. पूर्ण जात नाही, कमी होतो.

हाच मुद्दा बायोएन्झाइमचा. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी आणि तीन महिने, हे आता सगळ्यांना पाठ झालंय, फरशी पुसायला चांगलंच आहे ते. पण ते ॲसिडिक असतं. साबणाच्या पाण्यात ओतलं की साबण फाटतो, दूध नासल्यासारखे पांढरे कण होतात आणि तेल सुटतं. बायोएन्झाइमला रिठ्याचं पाणी मिसळा, रिठा ॲसिडने फाटत नाही. साबणाची वडी वेगळी, ती बाटली वेगळी.

वासासाठी गवती चहाचं किंवा वाळ्याचं सुगंधी तेल ५०० ग्रॅमला १० ग्रॅमपर्यंत, ट्रेसला. फ्रेग्रन्स म्हणून मेणबत्तीचे वास मिळतात ते अंगाच्या साबणात घालू नका.

तयार झालेला साबण चेक कसा करायचा? पीएच पट्टीवर ९ ते १० येणं नॉर्मल आहे. "पीएच ५.५ चा नैसर्गिक साबण" असं कुणी सांगत असेल तर तो साबण नाही, तेलापासून केलेला खरा साबण अल्कलाइनच असतो, तिथपर्यंत खाली आणला तर तो वर सांगितल्यासारखा फाटेल. पट्टी ११-१२ दाखवत असेल, किंवा वडी कापल्यावर आत पांढरे कडक खडे, पाण्याचे कप्पे दिसले, तर ती अंगाला लावू नका. वर नुसती पांढरी राखेसारखी पावडर आली तर ती सोडा ॲश, निरुपद्रवी, ओल्या फडक्याने पुसली की गेली. वडी फुकट गेली असं समजायचं कारण नाही, कॉस्टिक जरासा जास्त झालेली वडी किसून, ग्लोव्हज घालून, फरशीच्या बादलीत वापरता येते. खूपच जास्त झाला असेल, बोटाला चरचरतंय इतका, तर ती पण नको.

चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून बघा. तान्ह्या बाळाला घरचा साबण नको. केसांना पण मला विचाराल तर नको, रिठा-शिकेकाई आहे की.

आणि नातेवाइकांनी कौतुक केलं की लगेच इन्स्टावर पेज काढायची घाई होते, म्हणून सांगते, अंगाचा साबण कायद्याने कॉस्मेटिक धरला जातो आणि विकण्यासाठी बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो, घरच्या ओट्यावर करून लेबल चिकटवलं असं चालत नाही. भेट द्यायचा असेल तर कागदात गुंडाळून द्या, प्लास्टिकमध्ये नको, आणि वर कुठली तेलं आहेत आणि कधी केला ते लिहा. शेंगदाण्याचं तेल वापरलं असेल तर ते तर लिहाच, काहींना ॲलर्जी असते.